एक थेंब म्हणजे एक वेढा

परवा औषधांच्या दुकानात एका मुलीने माझ्यासमोर तुळशीच्या अर्काची बाटली ठेवली आणि मोठ्या कौतुकाने सांगितलं, "काकू, यात केमिकल अजिबात नाही."

"मग आहे काय? हवा?" मी विचारलं.

ती हसली. तिला वाटलं, काकू गमतीदार आहेत. काकू गमतीदार नाहीत. हे वाक्य ऐकलं की काकूंच्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ही आग ती मुलगी जन्मालाही आली नव्हती तेव्हापासूनची आहे.

तुळशीच्या तेलात युजेनॉल असतं. लवंगेत तेच, दालचिनीच्या पानात तेच. दाढ दुखताना लवंगेचं तेल लावलं की हिरडी बधिर होते, ती काही श्रद्धेने होत नाही, युजेनॉलने होते. ओव्यात थायमॉल असतं, गवती चहात सिट्रल, जायफळात मिरिस्टिसिन, वेखंडात असारोन. ही सगळी रसायनं आहेत. तुळस दिवसभर उन्हात उभी राहून ती तयार करते आणि तिला त्याची लाज वाटत नाही. लाज आपल्याला वाटते. आणि झाडांनी ही तेलं आपल्या पोरांची पोटं बरी व्हावीत म्हणून केलेली नाहीत. किडे मरावेत, बुरशी लागू नये, गुरांनी तोंड घालू नये म्हणून केलेली आहेत. त्यातलं चिमूटभर आपल्या उपयोगी पडतं हा आपला फायदा झाला. झाडाने आपल्याला तसा शब्द दिलेला नाही.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं नाही. माझ्या मागे रांग होती. म्हणून इथे सांगते.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीतून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. मुलीने केमिस्ट्री घेऊन पुढे करायचं काय, याची तेव्हा दोनच उत्तरं होती, शाळेत शिकवायचं नाहीतर लग्न करायचं. तिसरं उत्तर मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत निघालं. मुंबईतला अत्तरांचा व्यापार आवरून आलेल्या एका गृहस्थांनी तिथे सुगंधी तेलं काढायचा कारखाना टाकला. कामगार त्यांना शेठ म्हणत. ते माझ्या वडिलांचे जुने विद्यार्थी. वडील निवृत्त मास्तर, आणि निवृत्त मास्तराला गाडीतून भेटायला येणारा विद्यार्थी म्हणजे साक्षात देव. वडिलांच्या शब्दाखातर शेठनी मला केमिस्ट म्हणून घेतलं.

काम मला मनापासून आवडायचं. गवती चहाचे भारे, दालचिनीची पानं, वाळलेल्या वेखंडाच्या मुळ्या मोठ्या टाकीत भरायच्या आणि खालून वाफ सोडायची. वाफ आपल्याबरोबर तेल घेऊन वर निघते, थंड नळीत तिचं पुन्हा पाणी होतं आणि तेल वेगळं होतं. कॉलेजात या प्रकाराला ऊर्ध्वपातन म्हणत आणि ते पाठ करताना आमचंच अधःपतन व्हायचं. इथे ते डोळ्यांसमोर घडत होतं. दालचिनीच्या पानांचं तेल लांब मानेच्या फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात कॉस्टिकचं पाणी घालून चांगलं हलवायचं. युजेनॉल त्या पाण्यात विरघळून जातं आणि उरलेलं तेल वर चढून मानेत बसतं. मानेवरच्या रेघा वाचायच्या. जेवढं तेल कमी झालं, तेवढं युजेनॉल. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या तेलांचा वास माझ्या अंगाला कायमचा चिकटला. संध्याकाळी मी एस.टी.त चढले की कंडक्टर मान वर न करता म्हणायचा, "आला गवती चहा." मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईने तर आमच्या आईला बाजूला घेऊन विचारलं की मुलीला कातडीचा काही रोग आहे का, तिला औषधाचा वास येतो. आई दोन दिवस जेवली नाही. मला मात्र त्या वासाचा अभिमान होता.

वेखंडाचं तेल तपासायची अशी सोपी रीत आमच्याकडे नव्हती. त्याचा नमुना मुंबईला जायचा, आणि उत्तर यायचं की या तेलाचा मोठा भाग असारोनच आहे. मी कॉलेजच्या वाचनालयात जाऊन जाड पुस्तक काढलं. परदेशात हे तेल खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी झाली होती. आमचं तेल अत्तरवाले आणि उदबत्तीवाले नेत. उदबत्ती कोणी खात नाही, तेव्हा तिथवर माझी काही तक्रार नव्हती.

त्याच सुमारास माझी मोठी बहीण बाळंतपणाला माहेरी आली. तिचे यजमान बोटीवर, सासर पूर्णगडला. भावोजी परत येईपर्यंत तिने आमच्याकडेच राहायचं ठरलं. मुलगी झाली. आम्ही तिला नुसतं बाळी म्हणायचो.

बाळीला रोज अंघोळीनंतर आई गुटी द्यायची. सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब घ्यायचे आणि त्यात एकेक जिन्नस उगाळायचा. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, बाळहिरडा, खारीक, बदाम. मुळी सहाणेवर एकदा गोल फिरवली की एक वेढा. आणि वेढ्यांचा हिशेब महिन्यांवर. पहिल्या महिन्यात एकेक वेढा, दुसऱ्यात दोन-दोन, बाळ वाढेल तसे वेढे वाढतात. आमच्या आळीतल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं.

माझा गुटीवर राग नव्हता. आजही नाही. ओल्या दगडावर टणक मुळी एकदा फिरवली तर उमटून उमटतं काय? एक डाग. आमच्या आळीतली पोरं पिढ्यानपिढ्या वेखंड चाटून धडधाकट राहिली ती कोणाच्या अगाध ज्ञानामुळे नव्हे. मुळी कडक आणि दगड गुळगुळीत, म्हणून राहिली.

मग एक दिवस शेठ सकाळी सकाळी प्रयोगशाळेत आले. चेहरा नुसता फुललेला.

"बायकांना आता सहाण घेऊन बसायला वेळ कुठे आहे गो? आपण बाळगुटी अर्क काढायचा. सगळी तेलं एका बाटलीत. आणि वर लिहायचं, एक थेंब म्हणजे एक वेढा!"

हे वाक्य आपल्याला अंघोळ करताना सुचलं, हेही त्यांनी सांगितलं. वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं की त्यानंतर त्यांच्या कानात दुसरं काही शिरणं शक्य नव्हतं. तरी मी बोलले. म्हटलं, शंभर किलो वेखंड टाकीत घातलं की दोन-तीन किलो तेल हाती लागतं, हे तुम्ही रोज बघता. मग तेलाचा थेंब म्हणजे वेढा कसा होईल? तो मुळीचा तुकडा झाला. अख्खा तुकडा बाळाच्या तोंडात कोंबल्यासारखं झालं.

"अगो, नुसतं कोण देतंय? तिळाच्या तेलात मिसळायचं."

"किती मिसळायचं?"

"किती म्हणजे? नाकाला बरोबर लागेल इतकं."

नाकाला! माझ्याकडे वजनकाटा होता, मापाची भांडी होती, प्रत्येक तेलाची घनता लिहून ठेवलेली होती, आणि तान्ह्या मुलांचं औषध शेठचं नाक मोजणार होतं. पहिला घाणा त्यांनी खरोखरच हलका केला. तो बाजारात दोन-चार बायकांना हुंगायला दिला. बायका म्हणाल्या, वासच नाही, पाणी घातलंय. शेठ परत आले आणि वेखंडाचं तेल वाढवलं. पुन्हा बाजारात गेले, पुन्हा आले, पुन्हा वाढवलं. शेवटी बाटली उघडली की खोलीभर वेखंड दरवळायला लागलं, तेव्हा बायका म्हणाल्या, हां, आता अस्सल आहे.

"आणि महिन्यांचं काय?" मी विचारलं. "तुम्ही लेबलवर एक थेंब लिहाल. पण तुम्हीच सांगताय, थेंब म्हणजे वेढा. मग चौथ्या महिन्यात वेढे चार, म्हणजे थेंब चार. बायका असंच मोजणार."

"लेबल वाचतील की."

"लेबल वाचून गुटी देणारी एक बाई मला दाखवा."

ते हसले. "सरांची मुलगी शोभतेस," म्हणाले.

लेबल छापून आलं. वर पाळण्यातलं गुटगुटीत बाळ, मध्ये ते वेढ्याचं वाक्य, आणि खाली ठळक अक्षरात, 'यात कोणतेही रसायन नाही.' त्याच्याखाली लिहिलेलं, तपासणारे केमिस्ट, आणि सहीला जागा. मी म्हटलं, रसायन नाही तर मला पगार कशाचा देता? सही करायला मी साफ नकार दिला. शेठना राग आला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. त्यांनी पुतण्याला हाक मारली. पुतण्या बी.कॉम. होता. त्याने झोकदार सही केली.

नोकरी मी तेव्हा सोडली नाही. सोडली असती तर तेल काही पातळ होणार नव्हतं. त्याच्यावर रोज भांडणारी एक बाई तेवढी तिथून गेली असती. आणि मी रोज भांडत होते.

बाळीच्या बारशाला शेठ सपत्नीक आले. चांदीचा वाळा आणि त्याबरोबर अर्काची बाटली. वडिलांनी ती बाटली सगळ्या पाहुण्यांत फिरवली. "माझा विद्यार्थी," असं प्रत्येकाला सांगितलं. "आपल्या मातीतलं औषध. केमिकल नाही हो यात."

पाहुणे गेल्यावर मी बोलायला उभी राहिले. असारोन म्हणजे काय, थेंबात किती, वेढ्यात किती, सगळं सांगितलं. दालचिनीच्या तेलाचा फ्लास्क घरी आणून दाखवते म्हटलं, म्हणजे तेलात काय काय असतं ते डोळ्यांना दिसेल.

वडील म्हणाले, "तुझ्या पुस्तकात सगळंच विष असतं. वेखंड काय आज आलंय?"

"वेखंड नाही नाना, वेखंडाचं तेल."

"तेच ते."

आई पाट उचलत होती. ती थांबली आणि म्हणाली, "अगो, आधी तुझं लग्न होऊ दे, तुला एक पोर होऊ दे, मग शिकव आम्हाला. पोर झाल्याशिवाय कळत नाही."

खोलीत आत्या होत्या, शेजारच्या काकू होत्या, सगळ्या हसल्या. ताई तेवढी हसली नाही, बाळीचं दुपटं सारखं करत राहिली. या वाक्यापुढे माझी पदवी, माझं पुस्तक, माझा वजनकाटा, सगळं पालापाचोळा झालं. असारोनच्या रेणूला माझं लग्न झालंय की नाही याच्याशी काय देणंघेणं होतं? पण हे विचारायचं कोणाला?

दुसऱ्या दिवशी मी ती बाटली मागच्या माडाच्या आळ्यात ओतली. वडिलांना कळलं. ते स्वतः मिरजोळ्याला गेले, मुलीच्या स्वभावाबद्दल शेठची माफी मागितली आणि दुसरी बाटली घेऊन आले. ती त्यांनी आपल्या कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. घरात चोर येतात म्हणून कुलूप लावतात. आमच्याकडे केमिस्ट होती म्हणून लावलं.

आईने मात्र आपली सहाण सोडली नाही. तिचा हात त्या दगडावर बसलेला होता. माझ्या जिवाला त्यामुळे थोडी उसंत मिळाली. पुढे संक्रांत आली, आणि शेठच्या बायकोने हळदीकुंकवाला आळीतल्या बायकांना वाण म्हणून काय लुटलं असेल? बाळगुटी अर्क. ज्यांच्या घरी तान्हं मूल, त्यांना आग्रहाने. तिथून आई हातात बाटली घेऊन आली आणि मुकाट्याने फळीवर ठेवून दिली. मी म्हटलं, फेकून दे. ती म्हणाली, वाण फेकत नाहीत. परतही करत नाहीत, अपशकुन असतो.

बाळीला पाचवा महिना लागला तेव्हा तिचं पोट धरलं. दोन दिवस ती किरकिरत होती. ताईचे डोळे जागरणाने खोल गेले होते, आणि त्यात पूर्णगडहून तिच्या सासूबाई नात बघायला यायच्या होत्या. रडकं, सुकलेलं मूल त्यांच्यापुढे न्यायचं तर माहेरची अब्रू जाते, ही आमच्याकडची जगबुडी. वडिलांनी कपाट उघडलं.

त्या दिवशी कारखान्यातला बॉयलर बंद पडला म्हणून आम्हाला दुपारीच सोडलं. घराची पायरी चढताना मला कारखान्याचा वास आला. आधी वाटलं, माझ्याच साडीचा येतोय. मग कळलं की तो आतून येतोय.

बाळी ताईच्या मांडीवर होती. ती रडत नव्हती, हे पहिलं दिसलं. मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धवट मिटलेले. मी बघत असतानाच तिला उलटी झाली. पोटात काही उरलं नव्हतं, तरी अंग पिळवटत होतं. आई तोंड पुसत म्हणाली, "कफ पडतोय. पडलेला बरा."

"किती दिलंत?"

"पाचवा चालू आहे ना गो. पाच वेढे. पाच थेंब."

"एकदाच?"

आईने वडिलांकडे पाहिलं. "रडायची थांबेना, म्हणून परत पाच."

वडील कोट चढवत होते. मला वाटलं, रिक्षा आणायला निघाले. ते म्हणाले, "घाबरू नका. मी पोस्टातून शेठना फोन लावतो. त्यांना विचारू या पुढे काय करायचं."

आणि मी ओरडले. आयुष्यात वडिलांवर मी तशी कधी ओरडले नव्हते. "त्यांना काय विचारता? मला विचारा! त्या तेलाची केमिस्ट मी आहे! चार महिने सांगतेय, मला विचारा, मला विचारा!" शेजारच्या खिडक्या उघडल्या. उघडू देत. मी बाळीला ताईच्या मांडीवरून उचललं आणि तशीच रस्त्यावर आले. रिक्षा मिळाली. ताई अनवाणी धावत आली, मागून दुसऱ्या रिक्षातून आई आणि वडील.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने बाळीच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि विचारलं, "काय दिलं होतं?"

"काही नाही," आई म्हणाली. "गुटी."

"आयुर्वेदिक आहे," वडील म्हणाले. "त्यात केमिकल नाही."

मुलीचा श्वास अडकत होता आणि हे गृहस्थ लेबल वाचून दाखवत होते. मी मध्ये पडले. "वेखंड आहे, डॉक्टर. दोनदा दिलंय, मिळून दहा थेंब."

तिने वर पाहिलं. "मुळी की तेल?"

"तेल. त्यातलं असारोन. थोडं जायफळाचंही आहे."

एवढंच. मुळी की तेल. चार महिने मी हा एक प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून घसा फोडत होते. तिला माझं लग्न झालंय का हे जाणून घ्यायचं नव्हतं. तिने बाळीला आत नेलं, सलाइन लावलं आणि आम्हाला बाहेर बसवलं.

ताई दाराच्या काचेला कपाळ टेकून उभी होती. तिच्या पोलक्यावर दुधाचे डाग पसरले होते आणि पाजायला मूल जवळ नव्हतं. मला त्या वेळी भीती वाटायला हवी होती. वाटत होतीच, पण भीतीच्याही वर राग होता. ही पोर गेली तर ती तापाने, साथीने, देवाच्या मर्जीने जाणार नव्हती. एका माणसाला अंघोळ करताना सुचलेल्या वाक्याने जाणार होती, आणि ते वाक्य खोटं आहे हे घरातल्या एका माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस बिनलग्नाचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळीने डोळे नीट उघडले आणि भुकेने असा टाहो फोडला की वॉर्डातल्या इतर बाया हसल्या. ताईने तिला पदराखाली घेतलं आणि मग ती रडली. डॉक्टरीण म्हणाली, अजून दोन दिवस ठेवू, पण आता धोका नाही.

थोड्या वेळाने शेठ आले. हातात शहाळी. त्यांनी बाळीच्या गालाला बोट लावलं, ताईची चौकशी केली, आणि मग वडिलांना हलकेच म्हणाले, "सर, लेबलवर स्पष्ट लिहिलंय हो. एक थेंब. आता बायका वाचत नाहीत, त्याला आपण काय करणार?"

खरं होतं ते. तसंच लिहिलेलं होतं. कोर्टात गेलो असतो तर तेच जिंकले असते.

आणि माझ्या वडिलांनी हात जोडले. रात्रभर बाकावर बसून पाठ आखडलेली, डोळे लाल, आणि त्या माणसापुढे त्यांनी हात जोडले. म्हणाले, "तुझा काही दोष नाही रे. चूक आमच्या घरातल्या बायकांची."

मी शेठना म्हटलं, मी उद्यापासून येणार नाही. माझ्या जागी पुतण्याला बसवा, त्याची सही छान आहे. आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेठ गंभीर चेहऱ्याने म्हणाले, कारखान्यावर बरीच घरं चालतात, गोष्ट चार भिंतींत राहिली तर बरं. वडील मला गप्प बस म्हणत होते. आई बाकाच्या टोकाला बसून होती. तिने ते वाक्य ऐकलं होतं. बायकांची चूक.

तिला घेऊन मी पायी घरी निघाले. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "हळदीकुंकवाला पुष्कळ जणी होत्या."

"हो."

"त्या डॉक्टरीणबाईंना काय नाव सांगितलंस तू? त्या विषाचं?"

"असारोन."

तिने ते दोनतीनदा पुटपुटून पाहिलं, आरती पाठ करताना करायची तसं. घरी आल्यावर तिने फळीवरची वाणाची बाटली उचलली, कपाट कालपासून उघडंच होतं त्यातली उरलेली काढली, दोन्ही माडाच्या आळ्यात ओतल्या आणि रिकाम्या बाटल्या दगडाने फोडल्या. मग चपला घातल्या. वडील तोवर हॉस्पिटलातून आले होते. ते म्हणाले, "लोकांच्या घरी जाऊन तमाशा करू नका." ते माजघरात बसून राहिले. आम्ही दोघी निघालो.

वाण परत मागायला दारात आलेली बाई आळीने तोवर पाहिली नव्हती. पहिल्याच घरी म्हातारी अंगावर आली, सवाष्णीचं वाण परत मागतेस, लाज नाही वाटत? आई म्हणाली, "वाण नको, तेल द्या. त्यात असारोन आहे. आमची बाळी मरता मरता वाचली." पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढच्याही. मी शेजारी उभी राहून वेढे आणि थेंब समजावायला लागले की बायका माझ्यावरून नजर काढून आईकडे बघत. चार महिने माझी वाक्यं भिंतीवर आपटून खाली पडत होती आणि आईचा एक शब्द ऐकून बाटल्या बाहेर येत होत्या. मला त्याचाही राग आला, खोटं कशाला सांगू. बाटल्या पिशवीत भरत होते आणि दात आवळत होते.

शेवटचं घर देवळामागचं. नवी सून, कडेवर गुटगुटीत मुलगा, चार-एक महिन्यांचा. ती दारातून हललीच नाही. म्हणाली, "काकू, आमच्या बाळाला याने काहीसुद्धा झालं नाही. तुम्ही हिचं कशाला ऐकता? ती काय, पुस्तकातलं बोलते." आणि माझ्याकडे बघून, अगदी हसून, "आधी तुला एक होऊ दे गो. पोर झाल्याशिवाय कळत नाही."

माझ्या जिभेवर पुष्कळ होतं. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मला दोन झाली," ती त्या मुलीला म्हणाली. "मला कुठे कळलं?"

ती मुलगी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग कडेवरचं पोर सावरत आत गेली आणि बाटली घेऊन आली.